वाडा हलत नाही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक मला उतारा सुचवतात. माझा विश्वास दौंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांवर होता आणि त्यांच्याकडे मी चार वेळा गेले. तक्रार एकच. भर दुपारी वह्या तपासायला बसले की टेबलाच्या डाव्या अंगाला कुणीतरी उभं असतं. वही परत मिळायची वाट बघत मुलं उभी राहतात तसं, एका पायावर भार टाकून. वळून पाहावं तर कुणी नसतं. ओल्या लोकरीचा वास मात्र थोडा वेळ राहतो. वासाचं मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी दोनदा नंबर बदलून दिला आणि चौथ्या खेपेला म्हणाले, "मॅडम, वह्या जरा कमी तपासा."

ते मला शक्य नव्हतं. मी दौंडच्या एका डी.एड. कॉलेजात मराठीचं अध्यापन शिकवते. म्हणजे ज्यांना स्वतःला निबंध लिहिता येत नाही त्यांना, निबंध कसा शिकवावा ते शिकवते. मी तोंडाची फटकळ आहे हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे, पण कामात कुचराई मी कधी केली नाही. नऊ वर्षं मुलांच्या वह्या जमवल्या आणि त्यातून एक शोधनिबंध उभा केला, 'ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनातील चुका'. फेब्रुवारी २००४ मध्ये शिरूरच्या एका महाविद्यालयात साहित्य आणि लेखनाचं अध्यापन या विषयावर राज्यस्तरीय चर्चासत्र होतं. तिथे मला पंधरा मिनिटं मिळाली. चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण साडी कोणती नेसायची याचा विचार आठ दिवस चालला होता. आमचे हे म्हणाले, "अनिता, लग्नात तू एवढी गडबडली नव्हतीस." ते खरं होतं.

चुकांचे मी चार प्रकार पाडले होते. पहिले तीन कुणालाही सुचतील असे. शुद्धलेखन, वाक्यरचना, बोलीचा प्रभाव. चौथा माझा स्वतःचा होता, 'वस्तुस्थितीचा विपर्यास'. सरळ सांगायचं तर मुलं खोटं लिहितात तो. त्यासाठी माझ्याकडे एकच उदाहरण होतं, पण बिनतोड होतं. उदाहरण क्रमांक सात, भिमाची वही.

भिमा १९९४ साली सातवीत होती. मी तेव्हा खुटबावच्या अंगाला एका शाळेत नवीन लागले होते. जन्म माझा पुण्यात, कसबा पेठेतला, आणि कसब्याबाहेर बोलतात ते मराठी नव्हेच अशी माझी त्या काळी खात्री होती. नाकाने कांदे सोलायचे दिवस होते ते. दिवाळीनंतर मी 'आमचे घर' असा निबंध घातला. सगळ्यांनी मार्गदर्शकातून उतरवून काढला. चाळीस घरं, चाळीस अंगणं आणि चाळीस तुळशीवृंदावनं. एकट्या भिमाने स्वतःच्या मनाने लिहिलं होतं. काळीसावळी, किडकिडीत पोर. शाळेच्या निळ्या स्कर्टवर कुणाचा तरी मोठा, घरच्या लोकरीचा स्वेटर घालून यायची. तिने लिहिलं ते असं:

'आमचा वाडा मोठा आहे. वाड्यात तीनशे मेंढरं, दोन घोड्या, तीन कुत्री आणि आम्ही सात माणसं राहतो. आमचा वाडा रोज हलतो. काल वाडा नदीला होता, आज पाटलाच्या रानात आहे. मी जन्मले तेव्हा वाडा भीमेच्या काठाला होता म्हणून माझे नाव भिमा. वाडा हलताना आई चुलीची राख मातीने झाकते. कुणी मागे राहिले असेल तर झाकत नाही. उघडी राख बघून त्याला कळते की आपली वाट बघून गेले. तरी वाडा हलला की माणसाने मागे राहू नये. मागे राहिलेल्याला वाडा सापडत नाही.'

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कसब्यातला आमचा वाडा आला. दिंडीदरवाजा, फरशीचा चौक, नळावरची भांडणं. तो तीनशे मेंढरांसकट उठून चालायला लागलेला दिसला आणि मला हसू आवरेना. दहापैकी दोन गुण दिले. खाली लाल शाईने शेरा मारला, 'वाडा हलत नाही. खोटे लिहू नये.' एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. वर्ग हसला. भिमाला मी उभं केलं होतं.

ती म्हणाली, "बाई, हालतो."

"कसा हलतो? चाकं आहेत का त्याला?" मी विचारलं. वर्ग पुन्हा हसला. ती खाली बसली.

वही मी ठेवून घेतली. चमत्कारिक चुकीचा नमुना म्हणून, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली, डाव्या अंगाला. म्हणाली, "बाई, माझी वही द्या."

"उद्या घेऊन जा."

"उद्या वाडा लांब हालंल, बाई."

"पुन्हा तेच," मी म्हणाले आणि तिला बाहेर काढलं. त्यानंतर ती शाळेत आली नाही. महिनाभर हजेरीपटावर गैरहजेरी लागली, मग नाव कमी झालं. या भागात पोरींचं असंच असतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

एकदा मात्र ती आली. एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षा संपल्यावर. शाळा रिकामी होती, बाहेर टळटळीत ऊन होतं आणि मी एकटी पेपर तपासत बसले होते. डाव्या अंगाला ती उभी राहिली. अंगात तोच स्वेटर. एवढ्या उन्हात स्वेटर, या पोरीला काही कळतच नाही, असं माझ्या मनात आलं.

"बाई, वही."

मी मान वर न करता म्हटलं, "घरी आहे. उद्या ये." पेपरचं पान उलटलं आणि पाहिलं, तर ती गेली होती. शिपाई आण्णा दारातच स्टुलावर बसले होते. ती पोरगी कुठे गेली म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कोन पोरगी? म्या सकाळधरनं हितंच हाय, बाई. कोन बी आलं न्हाई." आण्णांना बसल्या जागी डुलकी घ्यायची सवय होती, त्यामुळे मी विषय तिथेच मिटवला. जूनमध्ये मला दौंडला नोकरी लागली. टेबलाच्या डाव्या अंगाचं ते सुरू झालं ते दौंडला आल्यापासून.

चर्चासत्रासाठी मी उदाहरण क्रमांक सातची पारदर्शिका करून घेतली होती. प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर पान उतरवायचं आणि प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचं, की पडद्यावर ते पुरुषभर मोठं दिसतं. दौंडच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत मशीन नव्हतं. माझा लाल शेरा काळा उमटला. तेव्हा मी घरी बसून लाल मार्करने तो पुन्हा गिरवला, एकेक अक्षर. शिवाय मूळ वहीही पिशवीत घेतली होती. मूळ वही दाखवली की संशोधनाला वजन येतं.

सकाळी सातची शिरूर गाडी धरली. पाटसला कारखान्याच्या मळीचा वास आला तसा सगळ्या बायांनी नाकाला पदर लावला. चौफुल्यावरून गाडी केडगावकडे वळली, पारगावचा पूल ओलांडला आणि पलीकडे थोड्या अंतरावर फॅनबेल्ट तुटून उभी राहिली. कंडक्टर हौसराव याच रस्त्यावरचे जुने, सगळे त्यांना नावाने ओळखत. ते म्हणाले, "उतरा समदी. मागली गाडी येतीय पाऊन तासात." आम्ही बाभळीच्या सावलीला उभे राहिलो. माझं सत्र पावणेबाराला होतं, वेळ हाताशी होता.

तेवढ्यात खालच्या रानातून मेंढरं रस्त्यावर चढली. दोनअडीचशे तरी असतील. त्यांच्यामागून दोन घोड्या आल्या. त्यांच्या पाठीवर जाळी, भांडी, घोंगड्या आणि वर पाय बांधलेल्या कोंबड्या. एक मोटारसायकलवाला मध्ये अडकून हॉर्न वाजवायला लागला. हौसराव त्याला म्हणाले, "दम काढ की जरा. वाडा हलतुया, दिसंना का?"

मी विचारलं, "काय हलतोय?"

"वाडा, बाई."

"कुठला वाडा?"

"ह्योच की. धनगराचा वाडा. मेंढरं, घोडी, मानसं, समदं मिळून वाडाच म्हनत्यात त्याला. रोज हलतो त्यो. ह्यो तात्याबाचा हाय, दरसाल ह्याच अंगाला असतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमी पुन्याच्या हायसा व्हय?" त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी नुसतं विचारलं होतं.

मला तो सातवीचा वर्ग ऐकू आला. चाळीस मुलं, सगळी या मुलखातली. वाडा म्हणजे काय हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आण्णांना माहीत होतं, हेडमास्तरांनाही असणार. बाईंना कोण सांगणार, म्हणून कुणी सांगितलं नाही. एकटीने सांगितलं होतं, "बाई, हालतो" म्हणून. आणि ती मुलं हसली होती ती तिला की मला, हे मला आता कधी कळणार नाही. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी दरवर्षी अर्थासकट शिकवते.

वहीच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते मला बघावं लागलं नाही, पाठ होतं. 'कु. भिमा तात्याबा, इयत्ता सातवी.' कळपाच्या शेवटी पन्नाशीची एक बाई चालली होती, काखेत कोकरू घेऊन. मी रस्ता ओलांडून तिला गाठलं.

"मावशी, तुमच्यात भिमा नावाची मुलगी होती ना? खुटबावकडे शाळेत यायची."

ती थांबली. "तुमी कोन?"

"मी तिची बाई."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "निबंदाच्या बाई?" तिने विचारलं.

मी मान हलवली. ती म्हणाली, "म्या तिची आय. अनसाबाई." तिने कोकरू खाली सोडलं. ते कळपामागे पळालं.

मी मनात जुळवत होते. भिमा आता बाविशीची असेल, लग्न झालं असेल, पदरी लेकरं असतील. तिला भेटायचं, चूक कबूल करायची, वही द्यायची. मी विचारलं, "भिमा कुठे असते आता?"

"ती पौषात गेली, बाई."

"कुठे गेली?"

"गेली म्हंजी गेली. ताप आला. तिसऱ्या दिशी गेली. वाडा तवा भिगवनच्या अंगाला होता."

"यंदाच्या पौषात?"

"यंदा कशाला? तुमच्या शाळंत होती त्याच साली. दिवाळीमागनं शाळा सुटली आन् पौषात ती गेली."

मी बोटांवर मोजलं. पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. एप्रिलातल्या त्या दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते. मी पुन्हा मोजलं. मोजणीत चूक नव्हती. मी कडेच्या दगडावर बसले. मी घाबरले होते, हे उगाच लपवत नाही. तिला म्हटलेलं माझं वाक्य मला आठवत होतं. उद्या ये.

अनसाबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "तापात नुसती वही वही करायची. बाईंकडं हाय, घिऊन ये म्हनायची. म्या म्हनलं आनते. कुठनं आनू? वाडा लई लांब गेल्याला. तिच्या हातचं काय बी न्हाई माझ्यापाशी. फोटू न्हाई. कापडं तिच्यासंगं गेली. आमच्यात वज्जं कोन वागवतंय. येक ती वहीच काय ती."

मी पिशवीतून वही काढली. अनसाबाईने हात लुगड्याला पुसले आणि मग घेतली. उघडली नाही. पुठ्ठ्यावर तळवा ठेवून बसली. थोड्या वेळाने विचारलं, "ह्यात तिचं नाव कुठं हाय?" मी दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे आणि परत.

मागची गाडी आली. हौसराव हाका मारायला लागले. आता माझं काम एवढंच होतं, उठायचं आणि वही तिच्याकडे सोडून गाडीत बसायचं. इतकं सोपं काम माझ्या वाट्याला आयुष्यात दुसरं आलं नाही. मी म्हणाले, "मावशी, आज शिरूरला मोठ्या लोकांसमोर ही वही दाखवायचीय. दोनच्या गाडीने येते आणि तुमच्या हातात देते."

पारदर्शिका होती. वहीची मला काडीइतकीही गरज नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

"आज वाडा हितंच उतरतोय, बाभळीपल्याड सोपानरावाच्या रानात," ती म्हणाली. "उद्या हालंल."

"उद्या कशाला? आजच येते."

मी तिच्या हातातून वही घेतली. ओढावी लागली नाही. तिने दिली.

शिरूरचं सभागृह भरलेलं होतं. अध्यक्ष बापूसाहेब म्हणजे निवृत्त प्राध्यापक, हातात घंटी घेऊन बसलेले. पंधरा मिनिटं झाली की बोलणारा कुणीही असो, ते ती वाजवत. माझी पाळी यायला बारा वाजले. तीन प्रकारच्या चुका मी कशाबशा उरकल्या. मग काचेवर उदाहरण क्रमांक सात ठेवलं. भिमाचं अक्षर पडद्यावर आलं, त्याच्याखाली माझा लाल शेरा. लोकांनी वाचलं आणि सभागृह हसलं. आधी पुढच्या रांगा, मग मागच्या. त्या वर्गासारखंच.

ओल्या लोकरीचा वास आला. ती डाव्या अंगाला होती. प्रोजेक्टरच्या उजेडात माझी सावली पडद्यावर पडली होती, तिची पडली नव्हती. मी वळले नाही. समोर बघून म्हणाले, "हे उदाहरण चुकीच्या प्रकारात घातलंय. चूक मुलीची नाही. शेरा मारणाऱ्या बाईची आहे, आणि ती बाई मी."

मग मी सगळं सांगितलं. वाडा, कसबा, वर्गातलं हसणं, फॅनबेल्ट, हौसराव, पौषातला ताप. एप्रिलची दुपार तेवढी वगळली. आवाज कापत होता आणि तो खराच कापत होता. आपल्या शब्दाच्या पलीकडे दुसऱ्याचा शब्द असतो, तो न ऐकता लेखन शिकवता येत नाही, असंही काहीतरी बोलले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. बापूसाहेबांनी घंटी वाजवली नाही. पंचवीस मिनिटं झाली. मी शेवटी वही उंच धरून दाखवली आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या. मला त्या आवडल्या. ही वही आज सकाळी तिच्या आईच्या हातात होती आणि मी काढून घेतली, एवढं मी त्यांना सांगितलं नाही.

जेवणात जिलबी होती. ताटावरून ताटाकडे वही फिरली. कुणी निबंध उतरवून घेतला, कुणी झेरॉक्सला नेली. मी घड्याळ बघत होते. पावणेदोनला वही परत आली आणि मी पिशवीत घालायला लागले, तर बापूसाहेब म्हणाले, "अहो, निघालात कुठे? समारोपाला पुण्याचे पाहुणे येताहेत. त्यांना ही वही दाखवू. तुम्हीच दोन शब्द बोला."

"मला दोनची गाडी आहे, सर. एकीला शब्द दिलाय."

"चारची आहे की. आज तुमचा दिवस आहे, अनिताबाई."

आणि मी थांबले. माझा हात कुणी धरला नव्हता. दोन वाजता डाव्या अंगाचं ते ओझं एकाएकी गेलं. वासही गेला. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं, भर दुपारी हातात वही आणि डावीकडे नुसती हवा. तिचं समाधान झालं, आपण सुटलो, असं मला वाटलं. मी आणखी एक जिलबी घेतली.

पाहुणे चारला आले. मी दोन शब्द बोलले, ते दहा मिनिटं चालले. पुन्हा टाळ्या. गाडी धरून त्या बाभळीपाशी उतरले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. ऊन अजून होतं.

रान ओलं होतं. सऱ्यांतून पाणी खेळत होतं आणि एक माणूस गुडघ्यापर्यंत धोतर खोचून फावड्याने दारं मोडून पाणी वळवत होता. मेंढरू एकही नव्हतं. मी बांधावरूनच विचारलं, "सोपानराव तुम्हीच का? इथला वाडा कुठे आहे?"

"हलला की."

"उद्या हलणार होता."

"व्हय. पर कॅनॉलची पाळी आली न्हवं का अवचित. पानी आलं म्हंजी घ्याया लागतं." त्यांनी फावडं रोवलं. "तुमी त्या बाई व्हय? आवो, चार वाजंस्तवर थांबवलं मी पानी. अनसाबाई हात जोडाय लागली, बाई यायच्यात म्हनली. दोनपासनं त्या बाभळीखाली बसून व्हती. गाडी दिसली की उठून हुबी ऱ्हायाची. चार गाड्या गेल्या. मग तात्याबाच आला आन् दंडाला धरून घिऊन गेला तिला."

"कुठे गेले?"

"ते कसं सांगावं? वाडाच त्यो."

मी खुरांच्या खुणा धरून निघाले. त्या बांधावरून डांबरी रस्त्यावर चढल्या आणि तिथे संपल्या. डांबरावर खुणा उठत नाहीत. रस्ता एका अंगाला न्हावऱ्याकडे जात होता, दुसऱ्या अंगाला नदीकडे. दोन्हीकडे कुणी नव्हतं. मी परत फिरले.

बांधाच्या उंचवट्यावर, जिथे पाणी पोचलं नव्हतं, चुलीचे तीन दगड होते. मध्ये राख. राखेवर माती ओढलेली नव्हती.

सोपानराव मागून म्हणाले, "एरवी झाकून जात्यात. आज इसरली आसंल." ते पुन्हा पाण्याकडे गेले.

ती विसरली नव्हती. मी खाली बसून राखेला हात लावला. अजून कोमट होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. कुणापुढे आवरायचं होतं?

मग ओल्या लोकरीचा वास आला. मी डावीकडे वळले. या खेपेला ती गेली नाही. निळा स्कर्ट, मोठा स्वेटर, एका पायावर भार. ती माझ्याकडे बघत नव्हती, राखेकडे बघत होती. दुपारी दोन वाजता ती इथे, वाट बघणाऱ्या आईपाशी आली होती, ते मला तेव्हा कळलं. मी दोन्ही हातांनी वही तिच्यापुढे धरली.

"घे," मी म्हणाले.

तिने हात पुढे केला नाही.

"मग चल माझ्याबरोबर. आईला नेऊन देऊ. वाडा कुठे गेला असेल ते तू सांग, आपण आत्ता निघू."

तिने मान वर केली. वर्गात बोलली होती तशीच ती बोलली, हळू आणि न अडखळता.

"मागं ऱ्हायलेल्याला वाडा घावत न्हाई, बाई. म्या लिवलं हुतं की."